चूक त्यांना ऐकू यायची

९ मार्च १९६९. अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या रिव्हियर गावातला फ्लीटवुड स्टुडिओ. न्यू हॅम्पशर राज्यातल्या फ्रीमाँट नावाच्या खेड्यातून तीन बहिणी गाणी ध्वनिमुद्रित करायला आल्या आहेत. डोरोथी, म्हणजे घरच्यांची डॉट, आणि बेटी यांच्या गळ्यात गिटार. हेलन ड्रम्सवर. सोबत वडील, ऑस्टिन विगिन. काचेपलीकडच्या मंडळींना काय चाललंय ते उमगेना. गिटारी एकमेकींशी जुळवलेल्या नाहीत. ड्रम्सचा ठेका गाण्याची लय सोडून आपल्याच वाटेने निघालेला. आणि अशात मुली मध्येच वाजवायच्या थांबायच्या. काय झालं म्हणून विचारलं तर सांगायच्या, एकीचं चुकलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांनी ही आठवण पुढे सांगितली आणि ती बहुतेक वेळा किस्सा म्हणूनच सांगितली जाते. सगळंच चुकत असताना एक चूक कशी काय कळली, असं म्हणून ऐकणारे हसतात. मला वाटतं, या बहिणींच्या संगीताबद्दल जे समजून घ्यायचं ते इथूनच सुरू होतं. ज्याला आपली चूक ऐकू येते त्याच्या मनात बरोबर काय ते ठरलेलं असतं. डॉट, बेटी आणि हेलन वाटेल तसं वाजवत नव्हत्या. गाणं कसं व्हायला हवं हे तिघींना ठाऊक होतं आणि तिघींचं त्यावर एकमत होतं. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्या मुद्रणातून जी तबकडी निघाली तिचं नाव 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड'. तिघींच्या बँडचं नाव 'द शॅग्ज'. गाणी बारा, सगळी डॉटने लिहिलेली आणि चाल लावलेली. आज 'आउटसायडर म्युझिक' या नावाखाली जे संगीत गोळा केलं जातं, म्हणजे शिक्षण नसलेल्या, बाजाराशी आणि परंपरेशी संबंध नसलेल्या माणसांनी आपल्या अंतरीच्या ओढीने केलेलं संगीत, त्यात या तबकडीचा मान पहिला समजतात. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू रेडिओवर कार्यक्रम करणाऱ्या अर्विन चुसिड यांनी २००० साली 'साँग्ज इन द की ऑफ झी' हे पुस्तक लिहून अशा गायक-वादकांची ओळख करून दिली आणि तेव्हापासून हे नाव रुळलं. पण विगिन बहिणींना या व्याख्येत बसवताना 'अंतरीची ओढ' हे शब्द अडतात. ते का, याकडे मी येणारच आहे. त्याआधी गाणं ऐकू या.

'माय पाल फूट फूट' हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं. फूट फूट हे डॉटच्या मांजराचं नाव. मांजर भटकं आहे, सापडत नाही, त्याचा शोध चालू आहे, इतकाच विषय. सुरुवात एकट्या ड्रम्सने होते. हेलन एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जाते, आता ठेका धरणार असं वाटतं आणि ती तो धरत नाही. धरते तो भलताच. तेवढ्यात गिटारी आणि दोन आवाज आत येतात. डॉट जो स्वर गाते तोच गिटारवर काढते, जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक स्वर. हार्मोनियमची साथ ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ही पद्धत ओळखीची वाटायला हवी: गळा जिथे जाईल तिथे वाद्य मागोमाग. पाश्चात्त्य पॉप गाण्यात असं सहसा करत नाहीत. तिथे गिटार स्वरसमूह धरून बसते आणि गाणारा त्यावर गातो. डॉटला ते माहीत नव्हतं किंवा तिला ते करायचं नव्हतं. ओळ लांब असेल तर चाल लांबते, ओळ आखूड असेल तर आखडते. मात्रा मोजून शब्द बसवणं हा प्रकारच नाही. बोलताना वाक्य जसं पडेल तसं ते गाण्यात पडतं.

बेटी दुसरी गिटार छेडत राहते, बहिणीच्या आवाजात आवाज मिसळून. दोघींचे स्वर एकमेकांना अगदी चिकटून, पण एक नव्हेत. कणसूर म्हणावा एवढंच अंतर, आणि ते शेवटपर्यंत राखलेलं. या सगळ्याच्या मागे हेलन. तिचे ठोके ऐकताना पहिल्यांदा वाटतं की ही मुलगी दुसऱ्याच खोलीत वाजवते आहे. चार-पाचदा ऐकल्यावर लक्षात येतं की ओळ संपली की ती एक विशिष्ट वळण घेते, पुढची ओळ सुरू होताना परत येते, आणि गाणं थांबतं तेव्हा तीही थांबते. समेची जागा तिला माहीत आहे. तिथे पोचण्याचा रस्ता मात्र तिने स्वतः काढलेला आहे.

हे मी कौतुकापोटी म्हणतो आहे असं कुणाला वाटेल. पण पुढे, २०१० नंतरच्या दशकात, न्यूयॉर्कच्या काही तरुण वादकांनी ही गाणी जशीच्या तशी वाजवायची ठरवली. हे शिकलेले, सराईत लोक. त्यांना एकेक ठोका, एकेक स्वर ऐकून बसवावा लागला आणि ते काम फार अवघड गेलं. निव्वळ गोंधळ असता तर कुणीही तसाच गोंधळ घातला असता.

आपल्याकडेही न शिकलेल्या माणसांच्या गाण्याचा मोठा मान आहे, म्हणून इथे एक फरक सांगून टाकतो. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. पण त्यांना आई होती, आजी होती, जात्याच्या खुंट्याला सोबत हात लावणारी जाऊ होती. ओवी त्यांच्या कानावर लहानपणापासून पडत होती. म्हणजे शिक्षण झालेलं होतं, फक्त ते शाळेत झालेलं नव्हतं. आणि गायलेली ओवी चांगली की वाईट हे सांगणारी माणसं शेजारीच बसलेली होती. विगिन बहिणींना असं कुणी नव्हतं. त्यांच्या आधी तसं कुणी वाजवलं नव्हतं, त्यांच्या शेजारी तसं कुणी वाजवत नव्हतं. तिघींची मिळून एक परंपरा, आणि ती एका घरात सुरू होऊन त्याच घरात संपली.

ते घर कसं होतं? १९७० च्या जनगणनेत फ्रीमाँटची वस्ती हजारही भरली नव्हती. ऑस्टिन विगिन कापडगिरणीत कामाला. पैसा बेताचाच. त्यांच्या आईला हात बघायचा नाद होता. तिने मुलाचा हात पाहून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पिंगट-लालसर केसांच्या मुलीशी तुझं लग्न होईल. माझ्यामागे तुला दोन मुलगे होतील. आणि तुझ्या मुली नामांकित बँड काढतील. पहिल्या दोन खऱ्या झाल्या. तिसरी खरी करण्याचं ऑस्टिननी मनावर घेतलं.

त्यांनी मुलींना शाळेतून काढलं. वाद्यं आणून दिली, थोडीफार शिकवणी लावली. शालेय शिक्षण टपालाने, शिकागोच्या एका संस्थेकडून. दिवसाची आखणी वडिलांनीच केलेली: सकाळी सराव, दुपारी टपालाने आलेला अभ्यास, जेवणाआधी पुन्हा सराव, जेवणानंतर वडिलांसमोर वाजवून दाखवायचं, आणि झोपायच्या आधी व्यायाम. बाहेर जाणं नाही, मैत्रिणी नाहीत, मुलांशी बोलणं नाही. विशीच्या आसपासच्या मुली या. वडील सांगायचे आणि आम्ही ऐकायचो, असंच डॉटने पुढे या दिवसांबद्दल सांगितलं.

१९६८ मध्ये एक्झेटर गावच्या एका स्पर्धेत त्या पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या. पोरांनी हुर्यो केली, डबे फेकले. मुलींना तिथून पळून जावंसं वाटलं. वडिलांचं म्हणणं, आणखी सराव करा. मग दर शनिवारी रात्री फ्रीमाँटच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९७३ पर्यंत चालला. गावातल्या तरुण पोरांना शनिवारी जायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे गर्दी व्हायची. काही नाचायचे, बरेच जण टर उडवायचे. वृद्धाश्रमातही त्या वाजवायला जात. तिथले श्रोते शांतपणे ऐकत.

स्टुडिओतल्या माणसांनी ऑस्टिनना सुचवलं होतं की मुलींची अजून तयारी नाही, थोडं थांबा. त्यांनी ऐकलं नाही. मुली रंगात आहेत तोवरच मुद्रण व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. तबकडीच्या हजार प्रती छापायचं ठरलं. त्यांतल्या नऊशे प्रती कुठे गेल्या ते विगिनांना कधी कळलं नाही. घरी पोचल्या त्या शंभरेक. आज त्यांतली एखादी विकायला आली तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

आता त्याच तबकडीवरचं 'हू आर पेरेंट्स' ऐका. आईवडील म्हणजे कोण, याचं उत्तर देणारं हे गाणं आहे. आपली खरी काळजी त्यांनाच असते, मुलांना ते कळत नाही, असा त्याचा आशय. डॉट ते गाते तेव्हा आवाजात उपरोध नाही, तक्रार नाही. जिने ते लिहिलं तिची शाळा सुटली होती, मैत्रिणी सुटल्या होत्या, आणि तिचे वडील काचेपलीकडे उभे होते. तिला ते मनापासून वाटत होतं की ते लिहिणं भाग होतं? मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा माझं मत बदलतं. जी माणसं शॅग्जचं गाणं म्हणजे निखळ, मोकळा, कुणाचंही बंधन नसलेला आविष्कार असं म्हणतात त्यांनी या गाण्यापाशी थोडं थांबावं. मोकळेपणा तिथे आहे, तो डॉटच्या चालीत आणि हेलनच्या हातात आहे. पण त्या मुली मोकळ्या नव्हत्या.

'अंतरीची ओढ' हे शब्द अडतात ते यामुळे. ओढ वडिलांची होती, सराव मुलींचा. तरीही हुकुमावरून गाणं वाजवता येतं, असं गाणं रचता येत नाही. वडिलांना हवा होता तो रेडिओवर वाजणारा, लोकप्रिय बँड. डॉटने दिलं ते मांजराबद्दलचं, पालकांबद्दलचं, कुणालाच खूश करता येत नाही याबद्दलचं गाणं, तिच्या स्वतःच्या हिशेबाने बांधलेलं. त्या घरात तिला स्वतःचं म्हणता येईल असं जे होतं ते तिने तिथे ठेवलं. मला या तबकडीची ओढ वाटते ती त्यासाठी.

१९७३ मध्ये गावच्या कारभाऱ्यांनी टाउन हॉलचे कार्यक्रम बंद केले. पंचविशी उलटलेल्या हेलनने लग्न केलं, पण ते वडिलांपासून लपवून, आणि काही महिने तशीच घरी राहिली. १९७५ साली मुली पुन्हा फ्लीटवुडमध्ये गेल्या. त्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ऑस्टिन गेले. वय ४७. बँड तिथेच थांबला. बहिणींनी वाद्यं ठेवून दिली, संसार थाटले, नोकऱ्या केल्या.

१९७५ च्या मुद्रणात 'माय पाल फूट फूट' पुन्हा वाजवलेलं आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. मधली सहा वर्षं रोजच्या सरावाची आहेत आणि ती ऐकू येतात. हेलनचा ठेका लयीच्या जवळ आलेला आहे, गिटारी बऱ्यापैकी जुळलेल्या आहेत, कार्पेंटर्सचं 'यस्टरडे वन्स मोअर'ही त्या ओळखू येईल असं वाजवतात. अनेक चाहते या दुसऱ्या मुद्रणाकडे जरा नाराजीनेच पाहतात. त्यांना मुली होत्या तशाच राहायला हव्या होत्या. मला हे पटत नाही. त्या मुलींना चांगलं वाजवायचं होतं. त्या सुधारल्या. दुसऱ्याने अडाणी राहावं अशी इच्छा धरणं हे ऐकणाऱ्याच्या बाजूचं दारिद्र्य आहे. पहिली तबकडी श्रेष्ठ आहे असं मलाही वाटतं, पण त्याचं कारण अडाणीपणा हे नव्हे. पहिल्या तबकडीत एक संपूर्ण रीत आहे. दुसरीत ती रीत मोडून चारचौघांची रीत अर्धीमुर्धी आलेली आहे.

शॅग्ज जगाला सापडले ते बॉस्टनच्या डब्ल्यूबीसीएन रेडिओमुळे. तिथे वाजलेलं गाणं एनआरबीक्यू या बँडमधल्या टेरी अ‍ॅडम्स आणि टॉम आर्डोलिनो यांच्या कानावर पडलं. त्यांनी बहिणींना शोधून काढलं आणि १९८० मध्ये राउंडर कंपनीकडून ही तबकडी पुन्हा आणवली. 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी शॅग्जना बीटल्सच्या वर बसवलं. हाच अभिप्राय संगीतकार फ्रँक झॅपाच्या नावावर खपवला जातो, त्याला पुरावा नाही. त्याने सत्तरच्या दशकात डॉ. डिमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात शॅग्ज वाजवले होते, एवढं खरं. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या तबकड्यांची यादी केली तिच्यात 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' पाचवी होती. १९९९ मध्ये आरसीएने ती पुन्हा काढली आणि सुझन ऑर्लियन यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये बहिणींवर दीर्घ लेख लिहिला. त्या लेखातून दिसतात त्या आपल्याला कुणी का ऐकतं याचं नवल वाटणाऱ्या बायका.

शॅग्जना हसणाऱ्यांचा विषय निघाला की लोक फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या गायिकेचं नाव घेतात. १९४४ च्या २५ ऑक्टोबरला, वयाच्या ७६ व्या वर्षी, ती कार्नेगी हॉलमध्ये गायली. तिकिटं केव्हाच संपली होती. महिनाभराने ती गेली. पण तिची आणि शॅग्जची जात वेगळी. ती मोत्सार्टच्या अवघड रचना गायची. मूळ रचना ऐकणाऱ्याला पाठ असते, त्यामुळे कुठे घसरली ते त्याला प्रत्येक वळणावर कळतं आणि हसू त्यातून येतं. 'माय पाल फूट फूट'ला मागे मूळ रचना नाही. कशाशी ताडून हसायचं? पहिलं हसू येतं ते सवयीमुळे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात ते ओसरतं.

कॅनडातल्या लँगलीच्या शाळकरी मुलांची गोष्ट तिसऱ्या जातीची. हान्स फेंगर या संगीतशिक्षकाने १९७६-७७ मध्ये साठेक मुलांना शाळेच्या व्यायामशाळेत गोळा करून बीच बॉइज, बोवी, मॅकार्टनी यांची गाणी गाऊन घेतली. प्राथमिक शाळेतली मुलं, बाळगोपाळांची धातूच्या पट्ट्यांची वाद्यं, भिंतींवरून परतणारा आवाज. तबकड्या छापल्या त्या मुलांच्या घरी देण्यापुरत्या. २००० साली एक प्रत जुन्या सामानाच्या दुकानात निघाली, ती चुसिड यांच्यापर्यंत पोचली आणि २००१ मध्ये 'इनोसन्स अँड डिस्पेअर' या नावाने जगभर गेली. आपल्या गाण्याचं तिथलं रूप ऐकून स्वतः डेव्हिड बोवीने त्याची तारीफ केली. त्या मुलांना कुणी स्पर्धेला उभं केलं नव्हतं. आपल्याकडे टीव्हीवर त्याच वयाची मुलं गातात तेव्हा किती लहान वयात आवाजातलं स्वतःचं असं सगळं घासून काढलं जातं, ते पाहून मला वाईट वाटतं. मुलं उत्तम गातात, यात शंका नाही. पण डोळे मिटले तर हा कोण आणि ती कोण हे सांगता येत नाही.

आणि डॅनियल जॉन्स्टन. वेस्ट व्हर्जिनियात वाढलेला, टेक्ससच्या ऑस्टिन शहरात मॅकडॉनल्ड्समध्ये काम करणारा हा मुलगा घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर गायचा आणि कॅसेट दिसेल त्याच्या हातात द्यायचा. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेट करायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक नव्या माणसासाठी तो सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गाऊन भरायचा. १९८३ ची 'हाय, हाउ आर यू' अशीच त्याच्या चिरक्या आवाजातली. त्याला गंभीर मानसिक आजार होता, त्याच्या आयुष्याची वर्षंच्या वर्षं इस्पितळांत गेली, आणि आजाराच्या भरात त्याने स्वतःचा आणि वडिलांचा जीव धोक्यात घातला. १९९२ मध्ये कोबेनने त्या कॅसेटवरच्या बेडकाच्या चित्राचा टी-शर्ट घातला आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. २०१९ मध्ये तो गेला. जॉन्स्टनबद्दल लिहिताना आजारालाच प्रतिभेचं कारण ठरवण्याची चाल पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. गाणी त्याने बीटल्स ऐकून ऐकून, कष्टाने रचलेली आहेत. आजाराने त्याच्याकडून बराच वेळ हिरावून घेतला, गाणी दिली नाहीत. पण विगिन बहिणींच्या शेजारी ठेवलं की त्याचं एक सुख उठून दिसतं: कॅसेट कुणाला द्यायची हे तो स्वतः ठरवत होता.

डॉटच्या वाट्याला ते फार उशिरा आलं. हेलन २००६ मध्ये गेली. शॅग्जची गाणी कान देऊन बसवणाऱ्या न्यूयॉर्कच्या त्या वादकांशी डॉटची गाठ पडली आणि २०१३ मध्ये 'डॉट विगिन बँड' या नावाने 'रेडी! गेट! गो!' ही तबकडी निघाली. तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती. २०१७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या सॉलिड साउंड महोत्सवात डॉट आणि बेटी पुन्हा एकत्र गायल्या आणि मागे बसलेल्या ड्रमवादकाने हेलनचे ठोके एकेक करून, ती घ्यायची त्याच वळणाने वाजवले. २०१३ च्या तबकडीवर काही गाणी अशी आहेत जी डॉटने शॅग्जच्या काळात लिहून ठेवली होती आणि तेव्हा ध्वनिमुद्रित झाली नव्हती. चाळीस वर्षं तिने ती जपून ठेवली. या खेपेला ती गायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.